पेस्ट का होत नाही? ब्राउझरमधल्या त्या फिकट बटणांची गोष्ट

नवीन असाल तर थोडक्यात ओळख: मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, बीटेक केलं आणि गेली काही वर्षं पुण्यात फ्रंटएंडचं काम करते. म्हणजे तुम्ही ज्या ऑनलाइन फॉर्मवर वैतागता ना, तसले फॉर्म बनवणाऱ्यांपैकी मी एक. शिव्या नंतर द्या, आधी ऐकून घ्या.

आजचा विषय आहे कट, कॉपी, पेस्ट. तुम्ही म्हणाल, यात बोलण्यासारखं काय आहे? पण आठवून बघा. फॉर्म भरताय, रकान्यावर बोट दाबून धरलंत, आणि पेस्टचा पर्यायच आला नाही. किंवा आला, पण दाबल्यावर काहीच झालं नाही. किंवा लॅपटॉपवर राइट क्लिक केलंत आणि पेस्ट हा शब्द फिकट करडा, दाबताच येत नाही. हे बटण चालू ठेवायचं की बंद, हे ठरवतं कोण? तुम्ही, ब्राउझर, की ती वेबसाइट? पासवर्ड आणि पैसे यांचा प्रश्न असतो तेव्हा या उत्तराने बराच फरक पडतो.

बटण चालू की बंद, ठरतं कसं?

मेनू उघडला की ब्राउझर दोन-तीन साध्या गोष्टी तपासतो. काही सिलेक्ट केलंय का? नसेल तर कट आणि कॉपी बंद. जिथे बोट ठेवलंय तिथे लिहिता येतं का? नसेल तर कट आणि पेस्ट बंद. क्लिपबोर्डवर काही आहे का? नसेल तर पेस्ट करणार काय, म्हणून तेही बंद.

पासवर्डच्या रकान्याचा नियम वेगळा आहे. तिथे ठिपके दिसतात आणि ब्राउझर कट-कॉपी करू देत नाही. नाहीतर तुम्ही चहा आणायला गेलात आणि शेजारच्याने ठिपके कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकले, तर पासवर्ड उघडा पडला असता. पण लक्षात घ्या, त्याच रकान्यात पेस्ट चालू असतं. बाहेर काढायला बंदी, आत टाकायला परवानगी. ब्राउझर बनवणाऱ्यांनी हे विचार करून ठरवलंय.

इथपर्यंत सगळं सरळ आहे. गोंधळ सुरू होतो तो वेबसाइटला मध्ये बोलायचं असतं तेव्हा. जुन्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये 'बिफोरपेस्ट' नावाचा इव्हेंट होता. पेजने तो कॅन्सल केला की मेनूतलं पेस्ट चालू व्हायचं. हो, कॅन्सल केल्यावर चालू! शिकताना माझंही डोकं चक्रावलं होतं. फायरफॉक्सने वेगळा मार्ग धरला. साध्या वेब पेजवर एडिट मेनूतल्या कट, कॉपी, पेस्ट या कमांड चालूच ठेवायच्या, कारण दिसायला काही सिलेक्ट केलेलं नसलं तरी पेजला त्या कमांडवर काही करायचं असू शकतं.

थोडा इतिहास, कंटाळा येणार नाही एवढाच

कट-कॉपी-पेस्ट आज ज्या रूपात आपण वापरतो ते १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात, झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात आकाराला आलं. लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी 'जिप्सी' नावाचा टेक्स्ट एडिटर बनवला, त्यात ते होतं. टेस्लर पुढे ॲपलमध्ये गेले. ॲपलच्या लिसा आणि मॅकिंटॉशमधून झेड, एक्स, सी, व्ही ही चार बटणं जगभर पोचली. टेस्लर २०२०च्या फेब्रुवारीत गेले. आणि गंमत म्हणजे त्याच ॲपलचा पहिला आयफोन २००७ मध्ये आला तेव्हा त्यात कॉपी-पेस्ट नव्हतं! ते आलं २००९ मध्ये.

वेबवर खरी अडचण वेगळीच होती. जुन्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये, म्हणजे सहाव्या आवृत्तीपर्यंत, कुठलीही वेबसाइट तुम्हाला न विचारता क्लिपबोर्ड वाचू शकत होती. तुम्ही ईमेलमधून पासवर्ड कॉपी केला आणि चुकून भलत्याच साइटवर गेलात, की पासवर्ड त्यांच्या हातात. सातव्या आवृत्तीत ब्राउझर आधी विचारायला लागला.

मोझिलावाल्यांनी दुसरं टोक गाठलं: साध्या वेब पेजच्या स्क्रिप्टला क्लिपबोर्डला हातच लावू द्यायचा नाही. त्यामुळे एखाद्या ऑनलाइन एडिटरच्या टूलबारवरचं पेस्ट दाबलं की निरोप यायचा, सुरक्षेमुळे हे जमणार नाही, कीबोर्ड वापरा. ते बटण चालवायचंच असेल तर प्रोफाइलच्या फोल्डरमधली सेटिंगची फाइल उघडून त्या साइटचं नाव हाताने लिहावं लागायचं. सामान्य माणूस कशाला त्या फंदात पडेल? मग वेबसाइटवाल्यांनी पळवाट काढली. 'कॉपी' बटणाच्या वर एक अदृश्य फ्लॅशचा तुकडा ठेवायचा आणि त्याच्याकडून कॉपी करून घ्यायचं. कित्येक वर्षं हा जुगाड चालला.

२०१५ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनी मधला मार्ग स्वीकारला. पेजला क्लिपबोर्डवर लिहू द्यायचं, पण माणसाने स्वतः क्लिक किंवा टॅप केल्यावरच. २०१८ मध्ये क्रोममध्ये नवी क्लिपबोर्ड एपीआय आली. ती फक्त एचटीटीपीएस साइटवर चालते आणि वाचायचं असेल तर क्रोम तुम्हाला परवानगी विचारतो. सफारी आणि फायरफॉक्स थोडं वेगळं करतात. तिथे 'पेस्ट' लिहिलेलं छोटं बटण समोर येतं, ते तुम्ही दाबलं तरच पेजला मजकूर मिळतो.

आता एक सूत्र पाठ करून ठेवा, पुढे लागणार आहे: क्लिपबोर्डवर लिहायला वेबसाइटला तुमचा एक टॅप पुरतो, पण वाचायला तुमची परवानगी लागते.

मग साइट पेस्ट बंद कशी करते?

अगदी सोपं आहे. तुम्ही पेस्ट दाबलं की ब्राउझर पेजला सांगतो, 'पेस्ट होतंय बरं का'. ही सोय चांगल्या कामासाठी दिली होती. म्हणजे एडिटरमध्ये वर्डमधला मजकूर टाकला तर नको असलेलं फॉरमॅटिंग काढून टाकता यावं, किंवा चॅटमध्ये फोटो थेट पेस्ट करता यावा. पण त्याच जागी एक ओळ लिहिली, की पेस्ट झालंच नाही असं समज, की काम संपलं. राइट क्लिकचा मेनू बंद करायला अजून एक ओळ. मजकूर सिलेक्टच होऊ नये म्हणून सीएसएसची एक ओळ. मला विचाराल तर पाच मिनिटांचं काम आहे. म्हणूनच ते इतक्या ठिकाणी केलेलं दिसतं.

कारणं काय देतात, आणि त्यात दम किती?

हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. मध्यंतरी आमच्या टीमकडे एक काम आलं: लॉगिन आणि बँक खात्याच्या सगळ्या रकान्यांत कॉपी-पेस्ट बंद करा. कारण लिहिलं होतं एकाच शब्दात: सिक्युरिटी.

मी मीटिंगमध्ये विचारलं, नेमकी कुठली सिक्युरिटी? तर दोन वेगळी उत्तरं मिळाली, आणि ती वेगळी करणं महत्त्वाचं होतं.

पहिलं उत्तर पासवर्डचं. पेस्ट चालू ठेवलं तर हॅकर पासवर्ड पेस्ट करत बसतील म्हणे. मंडळी, हॅकर तुमचा फॉर्म उघडून बोटाने पेस्ट करत बसत नाही. त्याची स्क्रिप्ट सर्व्हरला थेट रिक्वेस्ट पाठवते. तुमच्या रकान्यातली बंदी त्याला दिसतसुद्धा नाही. दिसते ती पासवर्ड मॅनेजर वापरणाऱ्या शहाण्या माणसाला. त्याचा वीस अक्षरी पासवर्ड पेस्ट होत नाही, मग तो काय करतो? छोटा, सोपा, लक्षात राहील असा ठेवतो. आणि तोच सगळीकडे वापरतो. म्हणजे सिक्युरिटीच्या नावाखाली सिक्युरिटी गेली.

हे फक्त माझं मत नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेच्या २०१७च्या पासवर्ड मार्गदर्शक तत्त्वांत पासवर्ड पेस्ट करू द्यावा असं स्पष्ट म्हटलंय. ब्रिटनच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्राने त्याच वर्षी लोकांना पासवर्ड पेस्ट करू द्या, असं जाहीर आवाहन केलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये वेब सर्वांना वापरता यावं यासाठीची डब्ल्यूसीएजी २.२ ही मानकं आली. त्यांत लॉगिनच्या वेळी कुणालाही पासवर्ड पाठ करायला किंवा बघून बघून टाइप करायला भाग पाडू नये असा नियम आहे, आणि पेस्ट चालू ठेवणं हा तो पाळायचा एक मार्ग.

हा नियम कुणासाठी आहे, ते सांगते. माझ्या काकांना पार्किन्सन्स आहे. हात थरथरतो. फोनवर एकेक अक्षर टाइप करणं म्हणजे त्यांच्यासाठी परीक्षा. मी त्यांना पासवर्ड मॅनेजर लावून दिला, तर एका साइटवर पेस्टच बंद. त्यांचा फोन आला, "अगं, हे पेस्ट होतच नाहीये, बघ जरा." मी लांब, संध्याकाळपर्यंत काही करू शकत नव्हते. शेवटी त्यांनी काय केलं असेल? कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या मुलाला पासवर्ड सांगितला आणि त्याच्याकडून टाइप करून घेतला. मुलगा चांगला आहे, काही झालं नाही. पण मला सांगा, यात कुणाचं संरक्षण झालं?

दुसरं उत्तर खाते नंबरचं होतं, आणि ते मात्र खरं होतं. आमच्या प्रॉडक्ट मॅनेजर मॅडम म्हणाल्या, "खाते नंबर आपण दोनदा का मागतो? पहिल्यांदा चुकला तर दुसऱ्यांदा कळावा म्हणून. लोक पहिला रकाना कॉपी करून दुसऱ्यात टाकतात. मग चूकही कॉपी होते." मुद्दा बरोबर आहे. एनईएफटी आणि आरटीजीएसमध्ये पैसे खाते नंबर बघून जमा होतात, नाव जुळतंय का हे बघून नाही. एक आकडा चुकला आणि त्या नंबरचं खातं असलं, तर पैसे भलत्याच माणसाकडे. परत मिळवताना चपला झिजतात.

पण म्हणून पेस्ट बंद करणं हे उत्तर आहे का? विचार करा. खाते नंबर मेसेजमध्ये आलाय. अकरा आकडे, कुठे चौदा, कुठे सोळा. फोनवर मेसेज आणि ब्राउझर यांच्यात उड्या मारत चार-चार आकडे लक्षात ठेवून टाइप करायचे. चूक कशात जास्त होईल, यात की थेट पेस्ट करण्यात? खरी अडचण पहिल्या रकान्यातून दुसऱ्यात कॉपी होण्याची आहे. मग पहिला रकाना भरला की पासवर्डसारखे ठिपके दाखवा. ब्राउझर आपोआप तिथलं कॉपी बंद करतो. मेसेजमधून पेस्ट करणं मात्र चालू राहतं.

आणि त्याहून चांगला उपाय तर आता आलाच आहे. रिझर्व्ह बँकेने ३० डिसेंबर २०२४ला आदेश काढला, की आरटीजीएस आणि एनईएफटीने पैसे पाठवण्याआधी ज्याला पाठवताय त्याच्या खात्यावरचं नाव दिसण्याची सोय बँकांनी १ एप्रिल २०२५पर्यंत द्यावी. यूपीआयवर जसं नाव दिसतं तसंच. नाव बघितलं की नंबर बरोबर आहे की नाही ते कळतं. रकाना दोनदा भरून घेण्यापेक्षा हे कितीतरी पक्कं.

आमच्या मीटिंगचं काय झालं? पासवर्डच्या रकान्यातलं पेस्ट चालू राहिलं. खाते नंबरवर अजून चर्चा चालू आहे. कंपनीत असंच असतं, सगळं एका मीटिंगमध्ये मिळत नाही.

आता उलटी बाजू

एवढं ऐकून वाटेल, पेस्ट म्हणजे सगळं चांगलं. नाही. मघाचं सूत्र आठवा, क्लिपबोर्डवर लिहायला साइटला एक टॅप पुरतो. २०२४ पासून याच गोष्टीवर एक फसवणूक जोरात आहे, तिला 'क्लिकफिक्स' म्हणतात. साइटवर 'मी रोबोट नाही' अशी खोटी चौकट येते. तुम्ही ती दाबता. त्याच क्षणी साइट तुमच्या क्लिपबोर्डवर एक घातक कमांड लिहून ठेवते. मग सूचना येते: खात्री करण्यासाठी विंडोज आणि आर दाबा, मग कंट्रोल व्ही, मग एंटर. झालं! तुमच्याच हाताने तुमच्या कॉम्प्युटरवर चोराचा प्रोग्राम चालू. खरा कॅपचा तुम्हाला असं काही पेस्ट करायला कधीच सांगत नाही. कधीच नाही. घरी ज्यांच्याकडे लॅपटॉप आहे त्या सगळ्यांना हे सांगा.

आणि इथे ब्राउझरवाल्यांनी स्वतः एक पेस्ट बंद ठेवलंय, ते मला पटतं. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये डेव्हलपर कन्सोल उघडून पहिल्यांदा पेस्ट केलंत, तर ब्राउझर अडवतो. इंग्रजीत 'अलाव पेस्टिंग' असं हाताने टाइप करायला लावतो. 'हा कोड टाका, कुणाचंही अकाउंट उघडेल' अशा थापांना पोरं बळी पडतात म्हणून. फरक बघितलात? इथली बंदी माणसाला थांबवून विचार करायला लावते, कारण सांगते आणि रस्ता मोकळा ठेवते. फॉर्मवाली बंदी नुसतीच गप्प बसते.

फोनवरही बऱ्याच गोष्टी सुधारल्यात. अँड्रॉइड १० पासून मागे चालू असलेली ॲप्स क्लिपबोर्ड वाचू शकत नाहीत. अँड्रॉइड १२ मध्ये कुणी वाचलं तर खाली छोटी सूचना येते. अँड्रॉइड १३ मध्ये काही वेळाने क्लिपबोर्ड आपोआप रिकामा होतो. आयफोनवर आयओएस १४ मध्ये सूचना आली आणि १६ मध्ये तर थेट परवानगीच विचारायला लागले.

तुम्ही काय करू शकता?

एक. फोनवर क्रोममध्ये तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, क्लिपबोर्ड असं जा. साइटने वाचण्याआधी विचारावं, हा पर्याय चालू आहे का बघा. ज्या साइटला कधीकाळी परवानगी दिली असेल ती तिथेच काढून घेता येते.

दोन. रकान्यात पेस्ट होत नसेल तर कीबोर्डचा क्लिपबोर्ड वापरून बघा. जीबोर्डच्या वरच्या पट्टीत क्लिपबोर्डची खूण असते, तिथल्या मजकुरावर टॅप करा. बऱ्याच साइटवर हे टाइप केल्यासारखं जातं, त्यामुळे बंदीला पत्ताच लागत नाही. पण ध्यानात ठेवा, तिथे पिन केलेलं तिथेच राहतं. म्हणून पासवर्ड कधी पिन करू नका.

तीन. लॅपटॉपवर फायरफॉक्स असेल तर शिफ्ट दाबून राइट क्लिक करा. पेजने बंद केलेला मेनूही उघडतो. अबाउट कॉन्फिगमध्ये 'डॉम डॉट इव्हेंट डॉट क्लिपबोर्डइव्हेंट्स डॉट इनेबल्ड' अशी सेटिंग आहे. ती फॉल्स केली की कॉपी-पेस्ट होतंय हे पेजला कळतच नाही. पण त्याने ऑनलाइन एडिटर बिघडतात, तेव्हा काम झालं की परत ट्रू करा.

चार. मजकूर सिलेक्ट होत नसेल तर रीडर व्ह्यू लावा. तेही नसेल तर स्क्रीनशॉट काढून गूगल लेन्सने मजकूर उचला, देवनागरी चांगली ओळखतं. जुन्या फाँटमधल्या मराठी पीडीएफ कॉपी केल्या की इंग्रजी अक्षरांचा खिचडा येतो ना? तो युनिकोड नसल्याचा दोष आहे, पण तिथेही हाच उपाय चालतो.

पाच. ऑफिसच्या लॅपटॉपवर क्लिपबोर्ड बंद असेल तर तो बहुतेक ऑफिसने पॉलिसी लावून बंद केलाय. ऑनलाइन परीक्षेतही तसंच. तिथे हे उपाय करू नका, विचारून घ्या. आणि 'कॉपी-पेस्ट चालू करा' छाप एक्स्टेंशन टाकताना परवानग्या वाचा. सगळ्या साइटचा डेटा वाचायची परवानगी मागत असेल, तर तुमच्या बँकेची साइटही त्यात आली.

डेव्हलपर मंडळींसाठी दोन शब्द

तुमच्याकडे 'पेस्ट बंद करा' असं काम आलं तर करून मोकळे होऊ नका. एकच प्रश्न विचारा: कुणापासून वाचवायचंय आणि कशापासून? उत्तर आलं तर बहुतेक वेळा त्याहून चांगला उपाय सापडतो. उत्तर आलंच नाही, तर ती ओळख लिहायची गरजच नव्हती. आणि बंद करायचंच असेल तर तिथे दोन ओळींत कारण लिहा. माणूस समोर बोट दाबून बसलेला असतो, त्याला निदान कळू तरी द्या.

तर मंडळी, कुठल्या फॉर्मने तुम्हाला असं अडवलंय ते मला कळवा. आणि त्या साइटच्या फीडबॅकमध्येही लिहा, अगदी मराठीत लिहा. आतल्या कुठल्यातरी इंजिनिअरला मीटिंगमध्ये दाखवायला तोच पुरावा लागतो, हे मी अनुभवाने सांगतेय. पुढच्या भागात ओटीपी मेसेजमधून आपोआप कसा भरला जातो, त्यावर बोलू. तोवर काळजी घ्या, आणि अनोळखी साइटने सांगितलं म्हणून काहीही पेस्ट करू नका. भेटू!